पहिली रिंग साळूबाईची

मी टीव्ही बोलतोय. जुना, पाठीला कुबड असलेला. आताचे टीव्ही पापडासारखे सपाट असतात आणि भिंतीला चिकटून बसतात. त्यांच्या डोक्यावर काही म्हणजे काही ठेवता येत नाही. माझ्या डोक्यावर मात्र विणलेला रुमाल होता, प्लास्टिकची फुलं होती आणि बटणांचा एक फोन होता. मी सांगतोय ती गोष्ट खरं तर त्या फोनचीच आहे. माझं आयुष्य तिच्या आगेमागे आलं तेवढंच.

आधी एक सांगून ठेवतो. लोकांना वाटतं, टीव्हीला सगळ्या मालिका पाठ असतात. साफ चूक. चित्र माझ्या तोंडावर उमटतं, आणि आपलं तोंड आपल्याला कधी दिसतं का? मला दिसतात ती समोर बसलेली माणसं. मालिकेत कोण मेलं आणि कोण परत आलं, हे मी त्यांच्या चेहऱ्यांवरून ओळखतो. माणसं माझ्याकडं बघतात, आणि मी माणसांकडं बघत आलोय.

शिरूरच्या बाजारपेठेतल्या दुकानातून मला मारुतरावांनी आणलं. त्यांचं घर रांजणगावच्या अलीकडच्या एका गावात, बागायती शेतीचं. मुलगी मोनाली तेव्हा दहावीला होती, मुलगा विक्रम तिच्याहून लहान. मारुतरावांनी मला बातम्या आणि कुस्त्यांसाठी आणलं होतं. पण त्यांची बायको साळूबाई हिनं पहिल्याच आठवड्यात माझ्या मापाचा रुमाल विणून माझ्या डोक्यावर घातला, आणि संध्याकाळी आठची वेळ स्वतःकडं घेतली. पुढं मारुतराव वारले, बातम्याही त्यांच्याबरोबर गेल्या.

आठ वाजता एक मालिका लागायची. तिचं नाव काय होतं कुणास ठाऊक. या घरात तिला "आपली" म्हणायचे. "आपली लागली का?" असं विचारत जाईबाई दारात यायची.

जाईबाई बौद्ध वस्तीतली. साळूबाईच्या शेतात खुरपायला, कांदे काढायला असायची. दिवसभर दोघी एका बांधावर, आणि संध्याकाळी एका मालिकेपुढं. आधी ती उंबऱ्याच्या आतल्या अंगाला गोणपाटावर बसायची. तिचा चहाचा कप वेगळा होता, कोनाड्यात पालथा ठेवलेला. मला सगळं दिसत होतं, बोलता येत नव्हतं. मालिका रंगत गेली तशी ती हातभर हातभर पुढं सरकली. एकदा मालिकेतल्या दोन जावांचं, थोरलीचं आणि धाकटीचं, जोरात भांडण चाललं होतं. साळूबाईची नजर माझ्यावरून हलेना. तिनं तशीच हाताला लागेल त्या कपात चहा ओतून जाईबाईला दिला. दोघींच्या लक्षात आलं तेव्हा चहा पिऊन झाला होता. कोनाड्यातला कप त्यानंतर कुणी खाली काढला नाही.

काय वेड होतं दोघींना! थोरलीच्या अंगावर नवी साडी दिसली की कांद्याच्या वाफ्यात दुसऱ्या दिवशी त्याच साडीची चर्चा. धाकटीला नवऱ्यानं घराबाहेर काढलं त्या दिवशी साळूबाई जेवली नाही. जावांच्या भांडणात साळूबाई थोरलीच्या बाजूची, जाईबाई धाकटीच्या. त्यावरून त्यांच्यात अबोला धरायचीही वेळ आली, पण जाहिराती संपेपर्यंतच. त्या दोघी जावा कधी बोलतील, एवढ्याच आशेवर आठ वर्षं गेली. मालिकावाल्यांनीही ती आशा पुरवून पुरवून वापरली.

मग गावात निवडणूक लागली. विक्रम आता कर्ता झाला होता, तो एका पॅनेलमधून उभा राहिला. जाईबाईचा मुलगा सम्राट रांजणगावच्या एका कंपनीत नोकरीला होता. तो वस्तीच्या राखीव जागेवर उभा राहिला, पण समोरच्या पॅनेलमधून. विक्रम आईला म्हणाला, रोज संध्याकाळी सम्राटची आई आपल्या घरात बसलेली असते, आपली माणसं काय समजतील? चार दिवसांनी विक्रमनं सपाट टीव्ही आणला, आणि साळूबाई म्हणाली की जुना जाईला देऊन टाक.

ते देणं होतं की दार लावणं होतं, हे मला आजवर कळलेलं नाही. दोन्ही असेल. जाईबाई मात्र हरखली होती. मला पिकअपमध्ये चढवत होते तेव्हा साळूबाईनं तिला बाजूला घेतलं. दोघींकडं सारखेच बटणांचे फोन होते. शेतावरचा निरोप द्यायला म्हणून सम्राटनंच मागं दोघींना शिकवून ठेवलं होतं, दोनचा आकडा दाबून धरला की साळूबाईचा जाईबाईला आणि जाईबाईचा साळूबाईला लागायचा. दोघींना आकडे वाचता येत नव्हते. ते बटण कुठं आहे, एवढं बोटांना माहीत होतं.

"आपलीत जाहिरात लागली की मी रिंग देईन," साळूबाई म्हणाली. "दोनदा वाजला की कट करीन. मग तू दे. उचलायचा न्हाई."

"आन् मी आधी दिली तर?"

"तू आधी देऊ नको. हितं विक्रम बसलेला असला म्हंजी? मी एकटी असले की देईन. पयली माझीच."

जाईबाईच्या घरी मला तसबिरींखालच्या फळीवर बसवलं. रुमाल माझ्याबरोबर आला होता. त्यावर जाईबाईचा फोन असायचा. साळूबाईची रिंग जाईबाईच्या आधी मला कळायची, कारण फोन माझ्या डोक्यावर थरथरायचा. दोनदा थरथरला की जाईबाई पदराला हात पुसून फोन घ्यायची, दोनचा आकडा दाबून धरायची, मनात दोन मोजून कट करायची. मग माझ्याशीच बोलायची, "बघ, आक्काला बी पटलं न्हाई." शब्द एक नाही आणि दोघींचं सगळं बोलून व्हायचं. मधून मधून माझं चित्र आक्रसायचं, तेव्हा पाबळच्या शाळेत दुरुस्तीचं काम शिकलेला नवनाथ येऊन माझं पोट उघडायचा. नवनाथ म्हणायचा, "मावशे, आता ह्याचं सामान मिळंना." जाईबाई म्हणायची, आपली संपेपर्यंत तरी चालव.

निवडणुकीत सम्राटचं पॅनेल आलं. विक्रम पडला. वस्तीत गुलाल उडाला, आणि जाईबाई आठ वाजता फोनकडं बघत बसली. आठ दिवस रिंग आली नाही. नवव्या दिवशी आली. जाईबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं, मालिकेत तर तेव्हा नुसतं हळदीकुंकू चाललं होतं.

असं आणखी काही महिने गेले. दिवाळी आली. दिवाळीच्या आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. ग्रामसभेत सम्राटनं वस्तीच्या रस्त्याचा ठराव मंजूर करून घेतला, आणि त्या रस्त्यात विक्रमच्या बांधाची पट्टी गेली. ही गोष्ट जाईबाईला माहीत होती. दुसरी माहीत नव्हती, मलाही नव्हती. आम्हाला एवढंच कळलं की रिंगा थांबल्या.

जाईबाईनं आधी नऊ दिवस मोजले, मग महिना. सम्राट म्हणाला, "आई, तूच लाव की एकदा."

"न्हाई. पयली त्यांची असती. विक्रम जवळ असला तर त्यांनाच बोलणी बसत्याल."

मग तीच म्हणाली, "बांध गेला त्यांचा. राग आसंल."

एकदा गिरणीत दोघींची गाठ पडली. हे जाईबाईनं मला जाहिरातीत सांगितलं. दोघींचे डबे एका रांगेत होते. बाहेर विक्रम मोटरसायकल चालू ठेवून उभा. साळूबाईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि जाईबाईनं नेमकी तेव्हाच आपल्या डब्याकडं बघत मान खाली घातली. तिला वाटलं, आता आक्का बांधाचं बोलणार. मान वर केली तोवर साळूबाई गेली होती. "म्या कशाला खाली बघितलं?" असं तिनं मला त्या संध्याकाळी तीनदा विचारलं. टीव्हीला विचारून काय उपयोग?

पुढं कळलं, साळूबाईला बरं नाही म्हणून मोनालीनं तिला दौंडला आपल्या घरी नेलं.

आणि मग "आपली" संपली. शेवटच्या भागात थोरली आणि धाकटी बोलल्या. मला ते जाईबाईच्या चेहऱ्यावर दिसलं. तिनं दोन्ही हात तोंडावर धरले, मग माझ्या डोक्यावरचा फोन घेतला. अंगठा दोनच्या बटणावर ठेवला. दाबला नाही. जाहिराती संपल्या, राहिलेला भाग संपला, शेवटचं गाणंही वाजून संपलं, तरी अंगठा तिथंच होता. मी एवढी वर्षं माणसं बघितली, पण इतकं एकटं कुणी माझ्यापुढं बसलेलं आठवत नाही.

त्यानंतर वीसेक दिवसांत साळूबाई गेली. दौंडहून तिला गावी आणलं. जाईबाई वस्तीतल्या बायकांबरोबर मागं उभी राहून आली. घरी येऊन माझ्यापुढं बसली, मला लावलं नाही.

दहावा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मोनाली आली. या घरात ती पहिल्यांदाच येत होती. मला बघून तिनं रुमालावरून हात फिरवला. मग पिशवीतून एक फोन काढला, काचेचा, मोठा, नवाकोरा दिसणारा.

तिनं सांगितलं ते मी जसंच्या तसं सांगतो. दिवाळीला विक्रमनं आईला हा टच फोन घेऊन दिला होता. आपुलकीनंच दिला. जुना मोडीत काढला, नंबर तोच ठेवला. पण नव्या फोनला बटणं नव्हती. दोनचा आकडा कुठं दाबायचा हे साळूबाईच्या बोटांना कळेना. आलेला फोन घ्यायला ती शिकली, लावायला नाही. विक्रमला कोणत्या तोंडानं सांगणार की जाईला रिंग द्यायचीय? दौंडला गेल्यावर रोज आठ वाजता ती हा फोन मांडीवर घेऊन बसायची. मोनालीनं विचारलं, कुणाची वाट बघतेस? ती म्हणायची, कुणाची न्हाई.

"शेवटच्या भागाला तर आई टीव्ही बघतच नव्हती, मावशी," मोनाली म्हणाली. "फोनकडंच बघत होती. म्हणाली, आज येईल. मग मला सगळं सांगितलं. मी म्हटलं, लावून देते. पण तुमचा नंबर जुन्या फोनबरोबर गेलेला. विक्रमलाही विचारलं, त्याच्याकडं नव्हता. मग म्हटलं, बरं वाटलं की रविवारी तुला गावी घेऊन जाते. तो रविवार काय आला नाही."

मोनालीनं तो फोन जाईबाईपुढं ठेवला.

"आईनं तुम्हाला सांगायला सांगितलंय. राग न्हाई म्हणावं. जाई गुणाची हाय, नियम मोडायची न्हाई. तिला म्हणावं, मला लावता येत न्हवता."

मोनाली फोन ठेवून गेली. साळूबाई या घरी कधी आली नव्हती. एकदा येते म्हणाली होती, तेवढंच.

त्या दिवशी आठ वाजता जाईबाईनं मला लावलं. "आपली"च्या वेळेला दुसरंच काहीतरी लागत होतं. माझं चित्र आता मधोमध एका पट्टीएवढं उरलंय म्हणे, तिनं त्याकडं बघितलंही नाही. साळूबाईचा फोन तिनं रुमालावर ठेवला. जाहिरात लागली. तिनं आपल्या फोनवर दोनचा आकडा दाबून धरला.

माझ्या डोक्यावर साळूबाईचा फोन थरथरला. एकदा. दोनदा. जाईबाईनं कट केला. पहिली रिंग तिनं दिली होती, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

आता उलट रिंग यायला हवी. ती थोडा वेळ वाट बघत राहिली. मग तिनं साळूबाईचा फोन उचलला, आणि आक्काची रिंग आपणच द्यावी म्हणून काचेवर बोट ठेवलं. खुरप्यानं घट्टे पडलेलं बोट. काच उजळली, सरकली, विझली. तिनं पुन्हा दाबलं, जोरात दाबलं, पदरानं बोट पुसून दाबलं. शेवटी फोन छातीशी धरला.

"मला बी येत न्हाई, आक्का," ती म्हणाली.

ते ऐकायला घरात मी एकटाच होतो. सम्राट सेकंड शिफ्टला होता.

आता माझं फार राहिलेलं नाही. नवनाथनं हात टेकलेत. सम्राटनं सपाट टीव्ही सांगितलाय, तो आला की मी भंगाराच्या गाडीत बसेन. माझी तक्रार नाही, आठ वाजायची वाट बघणारी माणसं मला मिळाली. जाताना एवढंच सांगतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला नवा फोन घेऊन द्याल तेव्हा, तुला कुणाला लावायचा असतो, हे एकदा विचारा. आणि नियम कितीही चांगल्या मनानं घातलेला असो, एखाद्या संध्याकाळी तो मोडा.

आणि भंगारवाले भाऊ, मला उचलण्याआधी डोक्यावरचा रुमाल काढून ठेवा. तो साळूबाईनं विणलाय. तो जाईबाईकडं राहू द्या.