पंधरावा सोमवार

दयानंदांनी पुन्हा हात हलवला. "खा, खा. सुरू करा."

नऊ मुलं खडकाच्या सावलीत गोल करून बसली होती. आठ-नऊ वर्षांची, सगळी कोरियन. डबे उघडे होते, काळ्या पापुद्र्यात गुंडाळलेले भाताचे तुकडे ओळीनं लावलेले. एकानंही हात लावला नव्हता. खाली वादी अदाई या आखाती वस्तीची घरं उन्हात पांढरी पडली होती.

त्यांच्या बाई तापानं पडल्या म्हणून सकाळी गणिताच्या दयानंदांना सहलीबरोबर डोंगरावर पाठवलं होतं. ते नाही म्हणू शकले नव्हते. राजीनामा चार महिने मुख्याध्यापकांच्या टेबलावर होता. "बदली माणूस मिळू दे, इन्शाल्ला," एवढंच उत्तर. देवरुखला त्यांची बायको प्रेमा गणपतीत पडली, ती अजून अंथरुणावरच होती. लवकर सुटका होऊन घरी जाता यावं म्हणून सोळा सोमवार तिनंच सुचवले. ती तिकडे, ते इकडे. सूर्य मावळेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. मोडला तर पहिल्यापासून. आज पंधरावा.

"आवडत नाही का यांना?" त्यांनी बसच्या अलीमियाँला विचारलं. तो पाण्याचे कॅन घेऊन वर आला होता आणि एव्हाना त्याची चपाती संपतही आली होती.

"मास्तर, तुमच्यासाठी थांबलीत. मोठ्या माणसानं पहिला घास घेतल्याबिगर खात नाहीत ही. रोज बाई खातात, मग सुरू."

"तू खाल्लंस की!"

"मी डायवर. सर तुम्ही."

"सांग त्यांना, माझा उपास आहे."

"सांगितलं. म्हणतात, मग आम्हीपण थांबतो."

दयानंद हसायला गेले, पण हसू आलं नाही. पाठ केली तर खातील, म्हणून ते वळले. मागे काही हललं नाही. त्यांनी मान वळवून पाहिलं. सोयुन नावाची सगळ्यांत लहान मुलगी डब्याकडे न बघता बुटाची नाडी सोडत-बांधत होती. तिचे ओठ सुकले होते. अजून दोन तास उतरायचं होतं.

ते परत वळले, खाली बसले. सोयुननं लगेच डबा दोन्ही हातांनी पुढे धरला.

त्यांनी एक तुकडा उचलला. बोटं थांबली. मग तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावला.

एका आवाजात मुलं काहीतरी म्हणाली आणि नऊ डबे खडखडले.

"खलास," अलीमियाँ हळूच म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

परतीच्या बसमध्ये फोन वाजला. सोयुन त्यांच्या दंडावर डोकं टेकून झोपली होती. त्यांनी दुसऱ्या हातानं फोन कानाला लावला.

"अहो, होतोय ना आजचा नीट? एकच राहिला आता."

बाहेर शहरातल्या रुवी भागाच्या पाट्या सरकत होत्या.

"सोळा राहिले," ते म्हणाले.

पलीकडे खाट करकरली.

"मग," प्रेमानं विचारलं, "पोटभर तरी खाल्लंत ना?"