किनारा नसलेल्या देशाचे म्हणणे

शाळेतल्या अभिरूप राष्ट्रपरिषदेसाठी देशांच्या चिठ्ठ्या काढल्या, तेव्हा बारकीच्या हाती आलेल्या देशाला चारही बाजूंनी जमीनच होती. समिती मात्र मिळाली सागरी मासेमारीची. वर्गात एकच हशा पिकला. लंबूला ऐसपैस किनाऱ्याचा देश मिळाला होता. तो म्हणाला, "तू आपली काचेची पेटी घेऊन बस तिथं, दोन मासे सोडून."

बारकी वर्गात सगळ्यांत ठेंगणी, आणि सगळ्यांत गप्पही. आजवर चार माणसांपुढे बोलायला ती कधी उभी राहिली नव्हती. या वेळी मात्र तिने आपणहून नाव दिले होते. भूगोलाच्या बाईंचा नियम सरळ होता. परिषदेला जाण्याआधी प्रत्येकाने एका पानाचा पोझिशन पेपर लिहायचा. आपल्या वाट्याच्या देशाला काय हवे आहे ते त्या देशाच्या तोंडून मांडायचे. शुक्रवारी शाळा सुटेपर्यंत ज्याचा पेपर पसंत पडणार नाही, त्याच्या जागी राखीव यादीतले कुणीतरी जाणार.

बारकीचा पहिला पेपर दोन ओळींत आटोपला. 'आमच्या देशाला समुद्र नाही. त्यामुळे या विषयावर आम्हांला काही म्हणायचे नाही.' तिला तो अगदी बिनचूक वाटला.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "मग जायचं कशाला? तीन दिवस खुर्ची उबवायला?"

दुसरा पेपर तिने एका बैठकीत लिहिला. माशांची पिल्ले, जाळ्यात अडकलेली कासवे, सगळे त्यात आले. मासेमारी आजपासून बंद करा, असा शेवट केला आणि लिहिता लिहिता तिच्याच डोळ्यांत पाणी आले.

"लिहिलंयस छान," बाई म्हणाल्या. "पण हे तुझं म्हणणं झालं. तुझ्या देशाचं कुठाय?"

"देशाचं म्हणणं मला कसं कळणार, बाई?"

"तिथल्या माणसाचं कुठं अडतं ते शोध. म्हणणं तिथंच सापडतं."

गुरुवारी शाळा सुटल्यावर ती कोरा कागद घेऊन बाबांच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसली. गोठवलेला माल नेणाऱ्या ट्रकांची थंडाव्याची मशिने बाबा दुरुस्त करत. आज तिथे एक ड्रायव्हरकाका तावातावाने बोलत होते. ते बंदरावरून मासे भरायचे आणि सीमेपलीकडे, समुद्रापासून दोन दिवसांच्या वाटेवर नेऊन पोचवायचे.

"तुमच्या मशीननं माझं नाक कापलं, उस्ताद. अर्धा माल त्यांनी तोंडावर परत फेकला."

"मशीन ठणठणीत आहे. सकाळपासून खोलून बघतोय."

"मग काय, माशांना आपोआप ताप चढला?"

मशीनला तापमान नोंदवणारी कागदी पट्टी होती. बाबांनी ती काढून बाकावर टाकली होती. बारकीने ती सहज हातात घेतली. रेघ उणे अठरावर सरळ चालली होती, मध्येच वर उसळली होती, पुन्हा खाली बसली होती. असे तीनदा. मशीन बिघडले असते तर रेघ पुन्हा इतकी नीट खाली आली नसती, हे तिच्या लक्षात आले. तिने दप्तरातून फूटपट्टी काढून वेळा मोजल्या.

"काका, सोमवारी सकाळी अकराला काय झालं होतं? मग पावणेदोनला? आणि चारला?"

ड्रायव्हरकाकांनी बोटांवर हिशेब केला. "अकराला सीमेच्या अलीकडची चौकी. पावणेदोनला पलीकडची. चारला शहराच्या तोंडावरची. तिन्हीकडं दार उघडून खोकी मोजतात. एकाची सही दुसऱ्याला चालत नाही ना."

"दार किती वेळ उघडं असतं?"

"अर्धा तास. साहेब जेवायला गेला, तर मग बघायलाच नको."

बाबा पान्हा खाली ठेवून मनसोक्त हसले. "ऐकलंत? उगाच माझ्या मशीनवर बालंट."

"पोरगी आहे की फौजदार?" काका म्हणाले, पण त्यांचाही आवाज उतरला होता.

बारकी आता थांबायला तयार नव्हती. "आणि समुद्रातले मासे कमी झाले तर, काका?"

"तर बंदरवाले आधी आपलं भागवणार. उरलं तर पलीकडच्यांना. गेल्या साली उरलंच नाही. दोन महिने गाडी उभी होती माझी."

"किती पकडायचे हे ठरवताना पलीकडच्यांना कुणी विचारतं?"

"त्यांना? त्यांना कोण विचारतंय. त्यांना कुठं समुद्र आहे."

बारकीने पेन उघडले. बाबांनी दोनदा घरी चलण्याची आठवण करून दिली, ती तिने ऐकलीच नाही.

शुक्रवारी बाईंनी तिचा पेपर शेवटपर्यंत वाचला आणि बाजूला न ठेवता लंबूला हाक मारली. "ये. तुझ्या देशातर्फे हिला प्रश्न विचार. परिषदेत विचारतील तसाच."

लंबूने कॉलर ताठ केली. "माननीय प्रतिनिधी मासे पकडतच नाहीत. मग त्यांचा इथं संबंध काय?"

 बारकीने टेबलाची कड धरली.

"आम्ही पकडत नाही, आम्ही खातो," ती म्हणाली. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, तेव्हा ती स्वतःच दचकली. पण थांबली नाही. "तुम्ही पिल्लंसुद्धा उपसलीत, तर मासे घटतील, आणि सगळ्यांत आधी रिकामं होईल ते आमचं ताट. म्हणून मर्यादा ठरवताना आम्हांला तिथं खुर्ची हवी. दुसरं, मालाचं दार एकदाच उघडा. सगळ्या चौक्यांची माणसं एका जागी बसवा, एकदाच मोजा, एकच सही. दार तीनदा उघडतं, मासा तीनदा वितळतो, आणि आम्ही तो परत पाठवतो. परत कुणाकडे? तुमच्याकडे."

 लंबूने बाईंच्या हातातल्या पेपरांच्या गठ्ठ्याकडे पाहिले.

"बाई, माझा पेपर परत मिळेल का? त्यात मी निर्यात दुप्पट करू असं लिहिलंय. अर्ध्या तासात नवा देतो."

"शाळा सुटायला वीसच मिनिटं आहेत," बाई म्हणाल्या आणि बारकीच्या पानावर सही ठोकली.

लंबू वही घेऊन धावत तिच्या बाकाशी आला. "ए, ते एका सहीचं मलाही लिहू दे. ठराव दोघं मिळून मांडू."

"विचार करू," बारकी म्हणाली. "तुमच्या अटी काय आहेत?"