तोलनाथाचा काटा

बाजारात अजून शेर-तोळे चालत, त्या काळची गोष्ट. शिरूर कासारच्या देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. काचेच्या पेटीत पितळेचा नाजूक काटा, त्यामागं भगव्या कफनीतले तोलनाथ महाराज आणि पुढं दुखणाइतांची रांग. महाराज माणसाची बाधा म्हणे ताइतात ओढून घेत आणि ताईत काट्यावर तोलत. मग डोळे मिटून मंत्र पुटपुटत आणि आकडा सांगत. दर बाजाराला आकडा उतरे, की लोक पायांवर लोळण घेत.

सुंदरराव बीडच्या सरकारी शाळेत सायन्स शिकवत. धाकटी बहीण बायनाबाई शिरूरला दिलेली. सुटीत ते तिला भेटायला आले, तर ओसरीतच त्यांना कुजका वास आला. बाजरी कापताना विळा लागून तिच्या हाताला जखम झाली होती. महाराजांनी पाणी लावू दिलं नव्हतं. वर राख आणि त्यांच्याच थुंकीचा लेप. सुंदररावांनी चिंध्या उलगडल्या. दोन बोटं काळी पडली होती.

"बाधा उतरतीया, मास्तर," तिचा नवरा बद्रीनाथ मोठ्या समाधानानं म्हणाला. "पयल्या बारीला दोन हजार व्हती. मंग दोनशे झाली, मंग ईस."

सुंदररावांनी तिला लगेच बीडच्या दवाखान्यात न्यायचं काढलं. बद्रीनाथ ऐकेना. डॉक्टरचा हात लागला तर बाधा पुन्हा दोन हजारावर जाईल, असं महाराजांनी बजावलं होतं. बायनाबाई भिंतीकडं तोंड करून कण्हत होती. शेवटी महाराजांनाच विचारू म्हणून तिला बैलगाडीत घालून दोघं देवळाशी आले.

महाराजांनी एका पारड्यात तिचा ताईत टाकला, दुसऱ्यात पितळी वजन. काटा सरळ झाला. "ग्राम, ग्राम, स्वाहा," महाराज घुमले. "उरली दोन."

सुंदरराव दचकले. आधीच्या खेपांना कोणता मंत्र होता, हे त्यांनी बद्रीनाथाला हळूच विचारलं. त्यानं तो भक्तिभावानं पाठच केला होता. आधी मिलिग्राम, मग सेंटिग्राम, मागल्या बाजाराला डेसिग्राम.

"आणि वजन कोणतं ठेवत?"

"हेच की. माझ्या म्होरंच ठिवत्यात."

फळ्यावर पोरांना रोज लिहून द्यायचे ते शब्द या महाराजानं बहिणीच्या सडत्या हातावर फुंकले होते. सुंदररावांना त्याची, त्याच्या कफनीची, हात जोडून बसलेल्या गर्दीचीही शिसारी आली. महाराज अडवत असतानाच त्यांनी पारड्यातलं वजन उचललं आणि गर्दीत बसलेल्या राधाकिशन सोनाराला विचारलं, "सोळा गुंजा सोनं माशात किती भरतं?"

"दोन मासे. आठ गुंजांचा एक मासा."

"मग सोनं घटलं का?"

"कसं घटंल? माप बदललं फकस्त."

"हितंबी तेच झालं," सुंदरराव हातातलं वजन गर्दीला दाखवत गावच्या बोलीत म्हणाले. "हे मंत्र न्हाईत, इलायती मापं हायेत. दोन हजार मिलिग्राम म्हंजी दोनशे सेंटिग्राम, तेच ईस डेसिग्राम आन् तेच दोन ग्राम. दर बारीला यानं धा पट मोठं माप घेतलं, म्हून आकडा ल्हान झाला. ताईत तोच, वजन तेच, दुखणं मातर वाढत गेलं."

महाराजांनी निर्वंश होण्याचा शाप देऊन पाहिला. काही जण उठून गेले. काही मात्र तरीही ताईत मुठीत धरून रांगेतच उभे राहिले. त्यांच्याशी वाद घालायला सुंदरराव थांबले नाहीत. बद्रीनाथानं बैल बीडच्या वाटेला लावले.

बायनाबाई वाचली. दोन बोटं काढावी लागली. ती घरी आल्यावर आळीतल्या बाया बघायला जमल्या. महाराज गाव सोडून गेले होते, तरी एकजण म्हणाली, आकडा तर आमच्या देखत उतरत होता.

बायनाबाईनं पट्टी बांधलेला हात तिच्यापुढं धरला.

"आकडा समद्यांनी ऐकला. त्यो कशाचा हाय, हे कुनी इचारलं न्हाई. आन् ठणका कमी झाला का, हे मला कुनी इचारलं न्हाई. मी तर तितंच व्हते. आता दुसरा कुनी आला तर आधी ह्ये दोन इचारा, मंग हात जोडा."