सूर्यदोषाचं लाल फडकं

आर्णीच्या आठवडी बाजाराला लागून जी मोकळी जागा आहे, तिथं त्या दिवशी पाय ठेवायला वाव नव्हता. दुचाक्या आडव्यातिडव्या लागल्या होत्या, भाजीवाल्या तराजू टाकून उभ्या होत्या आणि सगळ्यांचे मोबाईल एकाच दिशेनं वर झाले होते. मंडपात पाटावर एक तरुण बाई बसली होती. तेजोनाथ बाबांनी तिच्या तोंडाला ओली हळद फासली, शेजारच्या दोन पितळी कळश्यांपैकी एकीत पांढरं फडकं बुडवलं आणि तिच्या गालावरून फिरवलं. मग फडकं उंच धरलं. ते लालभडक झालं होतं.

"पाहा!" बाबा गरजले. "हे रक्त नाही, हा सूर्यदोष! तोंडावर पुरळ का येते? डॉक्टरला माहीत नाही, सूर्याला माहीत आहे. आणि सूर्य मला सांगतो. रोज पहाटे, नावानिशी!"

आर्णी तालुक्यातल्या प्रत्येक पुटकुळीची खबर ठेवायला सूर्याला वेळ कुठून मिळतो, हे कोणी विचारलं नाही. बायकांनी हात जोडले. स्टीलच्या छोट्या डब्यांतला 'तेजोलेप' हातोहात जाऊ लागला.

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. भाजी घ्यायला आले होते आणि गर्दी बघून थांबले होते. पुढच्या खेपेला पाटावर कोण बसतंय ते पाहिलं आणि मी गर्दीतून पुढे घुसले. ती उर्वशी होती, माझी जुनी विद्यार्थिनी. मागे तिची आई मथुराबाई पदर तोंडाशी धरून उभी.

उर्वशी पोलीस भरतीची तयारी करत होती. सकाळी आणि पुन्हा भर उन्हात ती मैदानावर धावायची. चेहरा काळवंडला, म्हणून तिनं बाजारातून एक सनस्क्रीन आणलं. ते होतं तुपासारखं जाड. कपाळ आणि नाक आधीच तेलकट, त्यावर हा थर. पंधरवड्यात कपाळभर मुरमं उठली, आणि गाल मात्र कोरडे पडून सोलायला लागले. तिनं ते फेकून दिलं. "मले सनस्क्रीन चालतच नाही," असं तिनं ठरवून टाकलं. नेमकं त्याच वेळी एका स्थळाकडून निरोप आला, पोरीच्या तोंडाला काय झालं? मथुराबाईंची झोप उडाली.

बाबांनी उर्वशीचं तोंड पुसलं. फडकं लाल. तिला लेप मिळाला. यात काय आहे ते कळल्याशिवाय लावू नका, असं मी मथुराबाईंना सांगून पाहिलं.

आणि लेपानं गुण आला! आठवडाभरात मुरमं बसली, चेहरा उजळला. पुढच्या बाजारी बाबांनी तिला पुन्हा पाटावर बसवलं, हळद लावली, पुसली. फडकं नुसतं पिवळं झालं. "दोष गेला!" मंडप दणाणला. उर्वशीचा व्हिडिओ घाटंजीपर्यंत फिरला. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात बाजारात माझं ऐकणारं कोणी नव्हतं. मथुराबाई मला म्हणाल्या, "विमलताई, तुमचं विज्ञान ठेवा शाळेत. माह्या पोरीचं तोंड पाहा."

पुढे लेप लावूनही उन्हात गेलं की तिच्या तोंडाची आग व्हायला लागली. गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागल्या. एकदा डबी संपली आणि नवी मिळेपर्यंत चार दिवस गेले, तर सगळा चेहरा फुलून आला. पहिल्यापेक्षा दुप्पट मुरमं, पू, खाज. मायलेकी धावत बाबांकडे गेल्या.

बाबांनी डोळे मिटले. "बालिकेनं आज्ञा मोडली. सूर्यासमोर धावली. आता वर्षभर उन्हात पाय ठेवायचा नाही. धावणं बंद, भरती बंद. घरात राहा आणि लेप लाव."

त्या संध्याकाळी उर्वशी माझ्या दारात उभी राहिली. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, डोळे तेवढे दिसत होते. त्यात रडू नव्हतं, राग होता.

"मॅडम, मुरमं आली तं आली. पण हा बाबा मले घरात कोंडून राह्यला. सूर्य काय फक्त पोरींवरच कोपते? माह्यासंग पोट्टे बी धावतात, त्यांले कोनी काही म्हनत नाही."

"तुझ्या आईला घेऊन ये," मी म्हणाले. "यवतमाळला जाऊ."

त्वचारोगतज्ज्ञ डॉ. प्रेरणा यांनी तिचा चेहरा उजेडात वळवून पाहिला, डबी उघडून वास घेतला आणि हसल्या नाहीत. "यात स्टिरॉइडचं मलम असावं असा मला दाट संशय आहे. ते सूज झटक्यात दाबतं, म्हणून आठवड्यात चमत्कार दिसतो. पण कातडी पातळ होते, ऊन सोसत नाही, आणि बंद केलं की सगळं उफाळून वर येतं. मग माणूस पुन्हा डबी आणायला धावतो."

मथुराबाईंनी टेबलावरची डबी ओढून घेतली. "म्हंजे म्या माह्या हातानं पोरीच्या तोंडाले..."

"तुम्हाला फसवलंय," डॉक्टर म्हणाल्या. "आता मी सांगेन तसंच करायचं. आधी ही आग शांत करू, तोवर टोपी आणि सुती रुमाल. मग सनस्क्रीन."

"मले नाही चालत ते," उर्वशी म्हणाली.

"तुला *ते* नाही चाललं. तुझी त्वचा दोन तऱ्हेची आहे. कपाळ, नाक, हनुवटी तेलकट, गाल कोरडे. तुला जाड क्रीम नको, जेल किंवा पातळ लोशन हवं. ट्यूबवर 'नॉन-कॉमेडोजेनिक' लिहिलंय का बघ, म्हणजे ते त्वचेची छिद्रं बुजवू नये असं बनवलेलं असतं. एसपीएफ, म्हणजे ऊन अडवायचा आकडा, तीस ते पन्नास, सोबत 'ब्रॉड स्पेक्ट्रम', म्हणजे दोन्ही तऱ्हेच्या अतिनील किरणांना अडवणारं हवं, सुगंध नको. महाग तेच चांगलं असंही नाही. आधी जबड्याखाली थोडं लावून दोन-तीन दिवस बघ. गाल ओढले तर तिथं आधी हलकं मॉइश्चरायझर. घामानं ते निघून जातं, म्हणून दर दोन तासांनी पुन्हा लाव. आणि धावणं सोडू नकोस!"

परतीच्या एसटीत उर्वशी एकदम म्हणाली, "मॅडम, पयल्या खेपेले त्यानं फडकं डाव्या कळशीत बुडवलं होतं. दुसऱ्या खेपेले उजव्या. डाव्या कळशीच्या पान्यानं तोंड चुनचुनलं होतं."

घरी येऊन मी हळद कालवली. खायच्या चुन्यात पाणी घालून त्याची निवळी काढली. मथुराबाईंच्याच हातानं हळदीवर टाकायला लावली. हळद लाल झाली. त्यांनी त्या लाल डागावर बोट फिरवून पाहिलं.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "एवढ्यासाठी म्या डबीचे पैसे नवऱ्यापासून लपवले? विहारात रोज पंचशील म्हनते मी, अन् या भोंदूच्या पाया पडली." मग त्यांनी पदर खोचला. "चाल, उर्वशे."

पुढच्या बाजारी आम्ही तिघी मंडपात गेलो. बाबांना वाटलं, भक्त परतले. त्यांनी माईकवरच स्वागत केलं. उर्वशी मंचावर चढली आणि तिनं पिशवीतून दोन वांगी काढली.

"बाबा, मी नंतर बसते पाटावर. आधी यांचा दोष पाहा."

हशा पिकला. बाबांनी हात वर करण्याआधीच तिनं वांग्यांना हळद फासली, एक फडकं डाव्या कळशीत बुडवलं आणि एक वांगं पुसलं. फडकं लालभडक.

बाबा हुशार होते. "बालिके, वांगंही उन्हातच पिकतं. त्यालाही सूर्यदोष असतो!"

यावर मान डोलावणारेही निघाले. उर्वशीनं दुसरं फडकं उजव्या कळशीत बुडवलं, दुसरं वांगं पुसलं. पिवळं.

"एकाच झाडाची दोन वांगी. याले दोष हाय, त्याले नाही? का दोष तुमच्या कळशीत हाय? हा चुना हाय, लोकहो! हळदीले चुना लागला का ते लाल होते. घरी जाऊन करून पाहा!"

"पाखंडी आहे ही! खाली उतरवा!" बाबा ओरडले. दोन शिष्य पुढे सरसावले. तेवढ्यात नागोराव उठले. जागा त्यांची, मंडप त्यांचा, त्यांची सून रोज लेप लावणारी. म्हातारा मंचावर गेला, तसे शिष्य थबकले.

"बाबा, तुमच्या कपाळावर हळद हायच. मी पुसतो. तुमच्यात तं दोष नसन ना?"

"नागोराव, हा देवाचा अपमान आहे!" बाबा मागे सरकले. मागे कनात होती. नागोरावांनी डाव्या कळशीतलं फडकं त्यांच्या कपाळावरून फिरवलं. बाबांचं कपाळ लाल झालं, फडकंही लाल झालं. उर्वशीनं त्या फडक्यावर लिंबू पिळलं. लाल डाग पुन्हा पिवळा पडला.

"घ्या. लिंबानं तुमचा दोष गेला."

मग तिनं तोंडावरची ओढणी सोडली. मी तिला सोडू नको म्हणाले होते, तिनं ऐकलं नाही. लाल, फुटलेला, पापुद्रे सुटलेला चेहरा तिनं सगळ्या मोबाईलसमोर धरला.

"काढा व्हिडिओ! पयलाही काढला होता ना? हे सूर्यानं नाही केलं, या डबीनं केलं. पन लेप एकदम बंद नका करू, पयले डॉक्टरले दाखवा. अन् मी उन्हात जानार. धावनार. कोन अडवते पाहू!"

पहिली टाळी मथुराबाईंची होती. नागोरावांच्या माणसांनी मंडपामागची बाबांची गाडी उघडली. आत पोतंभर पिळून टाकलेल्या मलमाच्या ट्यूबा आणि मुलतानी मातीची गोणी निघाली. पोलीस आले, डब्या तपासणीला गेल्या आणि त्यात स्टिरॉइडच निघालं. बाबांवर गुन्हा दाखल झाला. खटला चालू आहे.

उर्वशीचा चेहरा निवायला कित्येक महिने लागले. काही डाग अजून आहेत. सनस्क्रीन तिनं स्वतः निवडलं. पहिलं जेल तिला झोंबलं, दुसरं मानवलं. मैदानी चाचणी तिनं भर दुपारी दिली आणि पार केली. लेखी परीक्षेचा निकाल यायचा आहे. त्या स्थळाला मथुराबाईंनीच नकार कळवला.

सूर्य कोणावर कोपत नाही आणि कोणावर प्रसन्नही होत नाही. त्याची किरणं कातडीला इजा करतात आणि त्यापासून बचाव करता येतो, एवढीच गोष्ट आहे. तोंडाला काही लावण्याआधी विचारा, यात काय आहे? आपल्या कातडीला ते चालेल का? सांगणारा उत्तर देत नसेल, पाप-पुण्याच्या गोष्टी करत असेल, तर तिथून उठा. आणि एकट्या उठू नका, शेजारणीचा हात धरून तिलाही उठवा.