पोलिसांची तिसरी फेरी

बर्निस तळमजल्यावर, तर क्रिस्टल बरोबर तिच्या डोक्यावरच्या मजल्यावर. चौऱ्याहत्तरीच्या बर्निसला वरच्या पावलांवरून सगळं कळायचं. क्रिस्टलच्या नवऱ्याची, ट्रॉयची पावलंही कळायची. कोर्टानं त्याला घराबाहेर काढलं होतं, तरी लेकाचा यायचाच.

पेनसिल्व्हेनियातल्या त्या लहानशा गावात नियमच होता: चार महिन्यांत तीनदा पोलीस आले, की घर उपद्रवी ठरायचं आणि मालकानं भाडेकरूला दहा दिवसांत बाहेर काढायचं. मार कुणी दिला आणि कुणी खाल्ला, याच्याशी नियमाला घेणंदेणं नव्हतं. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दारूचे अड्डे असतील. सापडल्या मात्र मार खाणाऱ्या बायका.

दोन फेऱ्या झाल्या होत्या. दोन्ही वेळा फोन बर्निसनंच केला होता. दुसऱ्या फेरीनंतरच्या सकाळी क्रिस्टल सुजलेल्या ओठावर गोठलेल्या मटारची पिशवी धरून खाली आली.

"मिसेस बी, आता पोलिसांना फोन करायचा नाही. शपथ घ्या."

"आणि त्यानं जीव घेतला तर गं?"

"घेतला तर घर लागणार नाही. नाही घेतला तर लागेल. मेझीला घेऊन कुठं जाऊ?"

मेझी तिची लेक, सहा वर्षांची. बर्निसनं मुकाट्यानं शपथ घेतली.

रविवारी दुपारी चर्चमधून येऊन ती कोबी चिरत होती, तेवढ्यात वर ट्रॉयचे बूट वाजले. खुर्ची पडली. मेझी किंचाळली. मग काहीच ऐकू येईना, आणि ते जास्त वाईट होतं.

बर्निसचा हात फोनवर गेला आणि थबकला. मग तिला युक्ती सुचली. पोलीस नकोत, ॲम्ब्युलन्स! दोन दांडगे गडी जिन्यापाशी दिसले की ट्रॉय पळ काढेल. "माझ्या छातीत दुखतंय," तिनं फोनवर सांगितलं. स्वतःच्या हुशारीचं तिला कौतुकही वाटलं.

पण आधी पोहोचली ती पोलिसांची गाडी. त्या गावात ॲम्ब्युलन्सबरोबर पोलीस यायचेच. बर्निसचा नवरा स्टॅन गेला त्या दिवशीही आले होते. पण तेव्हा कोण आलं, कोण गेलं हे बघायचं भान तिला कुठलं!

पोलीस ऑक्सिजनची पिशवी घेऊन दारात उभा असतानाच वर काच फुटली. तो धावला. ट्रॉयला बेड्या घालून खाली आणलं. बर्निससाठी आलेल्या ॲम्ब्युलन्समध्ये मनगट मोडलेली क्रिस्टल बसली, मांडीवर मेझी.

"माझ्या नावावर लिही रे बाबा," बर्निस पोलिसापाशी काकुळतीला आली. "फोन मी केला ना!"

"फोन तुमच्याच नावावर आहे, मॅडम," तो लिहिता लिहिता म्हणाला. "पण बेड्या वरच्या मजल्यावर घातल्या. नोंद वरच्या मजल्याचीच होणार."

बुधवारी वरच्या दारावर नोटीस चिकटली. बर्निस मालकाच्या पाया पडायची तेवढी बाकी राहिली. दहाव्या दिवशी प्लास्टर घातलेल्या हातानं क्रिस्टल निरोप घ्यायला आली.

"कुठं चाललीस, पोरी?"

"ट्रॉयच्या आईकडे. दुसरं कोण घेतंय? तो सुटला की तिथंच येईल."

"अगं, पण तिथं..."

"तिथं घर त्यांच्या मालकीचं आहे, मिसेस बी. कितीदा पोलीस आले तरी कुणी बाहेर काढणार नाही." क्रिस्टलनं मेझीचा हात धरला. "फक्त फोन करायला खाली तुम्ही नसाल."