रंजीताची बांधी

नवरा गेला आणि सासरच्यांनी रंजीताला वाऱ्यावर सोडलं, तेव्हा निराधार बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या सामूहिक शेतीतून तिला धानाची एक बांधी, म्हणजे बांध घातलेलं खाचर, कसायला मिळाली. ब्रह्मपुरीकडच्या त्या गावात अशा सहा जणी होत्या. रोवणी, म्हणजे रोपांची लावणी, सगळ्यांनी मिळून करायची, प्रत्येकीच्या बांधीत नंबरानं. आणि जिची बांधी पडीक राहील, तिची दुसरीला जाईल, असा नियम.

गटाची प्रमुख गुणाबाई. जिभेवर साखर घोळवणारी बाई! तू जवान आहेस पोरी, तुझा नंबर शेवटी ठेवू, म्हणाली, आणि ही बापडी कबूल झाली. बारा दिवस पाच जणींच्या चिखलात राबराब राबली. दिव्यानी तर तिची जिवाभावाची मैत्रीण. तिच्या बांधीत रंजीता अंगात ताप असताना वाकली होती.

रंजीताच्या नंबराला मात्र चिटपाखरू फिरकलं नाही. पाचही जणी गावातल्या बड्या शेतकऱ्याच्या, गुणवंतरावांच्या शेतावर मजुरीला गेल्या होत्या. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय! चार दिवस एकटीनं खपून तिनं अर्धी बांधी रोवली. तोवर उरलेली रोपं पिवळी पडली, रोवण्याजोगी राहिली नाहीत.

आठवड्यानं संस्थेचे प्रणित सर पाहणीला आले. अर्धी बांधी रिकामी कशी, त्यांनी विचारलं. रंजीतानं घडलं ते सगळं सांगितलं. गुणाबाईनं डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, की आम्ही हिच्या बांधीत रोवायला गेलो होतो, हीच घरी झोपून होती. मग सर दिव्यानीकडे वळले. रंजीता कानात प्राण आणून उभी राहिली.

दिव्यानी आपल्या पायांकडे पाहत होती. "गेलतो सर. हे इथी नव्हती."

केसानं गळा कापला, तोही दिव्यानीनं! गुणाबाईपेक्षा रंजीताला तिचाच संताप आला, आणि त्याहून जास्त रडू आलं. सरांनी बांधी, रोवलेल्या धानासकट, गुणाबाईच्या सुनेला, पुनमला दिली.

संध्याकाळी गुणाबाई दारात हजर. पुनमसाठी तिनं माहेराहून रोपं आणवली होती. उद्या उरलेली अर्धी रोवायची आहे, गटात नाव ठेवायचं असेल तर ये, असं सांगायला आली होती.

"मी तुमाले माय समजत होती, बाई," रंजीता म्हणाली.

"मंग मायचा शबुद मोडू नको. सकाळी लवकर येजो."

रंजीतानं तिच्या तोंडावर दार लावलं.