सोमारीचा झिरा

चैतू जेवून उठला की अंगणात उभा राहून चूळ भरायचा. एक नाही, तीन. त्याची बायको सुकरी तांब्याने त्याच्या हातावर पाणी ओतायची. समोरच्या ओट्यावर बसलेल्या लटारू मातीत पडणारी प्रत्येक चूळ मोजायचा.

गावातली बोरिंग होळीच्या आधीच आटली होती. आता नाल्याच्या वाळूत खणलेले झिरेच काय ते. रीत अशी, की झिरा ज्या घरचा त्याच घरचा. पण दर वर्षी होळी झाली की तो उपसून मोकळा करावा लागतो. हे काम बायकांचं. लटारूच्या बायकोचा, सोमारीचा झिरा उंबराच्या मुळाशी होता. तिथलं पाणी सगळ्यांत गोड. पण सोमारी माघात तापाने गेली, आणि बायकांच्या घोळक्यात फावडं घेऊन जायची लटारूला लाज वाटली. त्याने लांब, नाल्याच्या मधोमध एकट्यानेच खड्डा केला. त्यात दिवसाला जेमतेम एक गुंड, म्हणजे कळशीभर, गढूळ पाणी साचायचं; ते तो सायकलीला अडकवून आणायचा.

उंबराचा झिरा बुजलेलाच राहिला. तो शेवटी सुकरीने उघडला.

चैतूची बायको जिवंत आहे, आणि वर माझ्या बायकोचं पाणीही त्यालाच. लटारूच्या डोक्यात दिवसभर हेच.

एका दुपारी नाल्यावर कोणी नाही असं पाहून तो गेला. जनावरं येऊ नयेत म्हणून झिऱ्यावर टाकलेले काटे बाजूला केले. तळाशी स्वच्छ पाणी होतं. त्याने डोळे मिटले आणि फावड्याने वाळू आत लोटली. पाणी दिसेनासं होईपर्यंत लोटत राहिला.

"मारा, अजून दोन फावडे मारा," वरून आवाज आला. "चांगलं काम करून राह्यले."

काठावर सुकरी उभी होती, कमरेवर गुंड घेऊन.

"माह्या सोमारीचा झिरा हाय हा!" लटारू ओरडला.

"मले नाई माहीत? होळी झाल्यावर पंधरा दिवस थांबली मी. म्हटलं, आज येतीन लटारूभाऊ, उद्या येतीन. काऊन नाई आले?"

"बायकाइत कसा येऊ?"

"मंग आता कसे आले? पाणी भराले लाज, अन् बुजवाले नाई?"

लटारूने फावडं बाजूला टाकलं.

"उतरा आत. काढा ते वाळू. माह्या घरी लेकरं तहानले हायेत."

तो उतरला. हाताने वाळू उपसू लागला. मुळाखाली एक चपटा दगड लागला, तो उचकटायला गेला.

"त्याले हात लावू नोका! सोमारीनं बसवला हाय तो. त्याच्याच खालून पाणी येते."

दगडाखाली तीन बारके दगड घट्ट ठोकलेले त्याच्या बोटांना लागले. बारा उन्हाळे त्याने हे पाणी प्यायलं होतं. कुठून येतं, हे तिला कधी विचारलं नव्हतं. त्याने हात तसाच ठेवला. थोड्या वेळाने बोटं ओली झाली.

"सकाळी तुमी भरा, संध्याकाळी मी," सुकरी म्हणाली. "डोक्यावर न्या. सायकलीवर सांडते."

दुसऱ्या दिवशी तो डोक्यावर गुंड घेऊन बायकांमधून घरी आला. एक जण फिसकन हसली. अर्धं पाणी अंगावर सांडलं.

समोर चैतू खाटेवर बसला होता. "सुकरे, पाणी दे वं," त्याने हाक मारली, आणि सुकरी तांब्या घेऊन बाहेर आली.

लटारूने गुंड उतरवला. एका हाताने तांब्या धरून दुसऱ्या हातावर पाणी ओतलं. चूळ भरली, एकच. मग समोरचं दिसू नये म्हणून तो भिंतीकडे तोंड करून बसला.